पात्राशची हिरवी गाडी

'अ डॉग ऑफ फ्लँडर्स' हे पुस्तक आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेले असणार. लहानपणी परदेशी गोष्टींची जी पुस्तके आपल्यापर्यंत पोचली त्यांत 'ब्लॅक ब्यूटी' होते, 'हायडी' होते, हे बहुधा नव्हते. १८७२ साली ते प्रसिद्ध झाले. लेखिका मारिया लुईझ रामे, पण लिहायच्या 'वीडा' या टोपणनावाने. (लहानपणी 'लुईझा' हे स्वतःचे नाव बोबडे उच्चारताना त्याचे 'वीडा' झाले, तेच पुढे पुस्तकांवर छापले गेले.) एका काळी लंडनमध्ये त्यांच्या कादंबऱ्यांवर उड्या पडत. आज त्या सगळ्या विसरल्या गेल्या आणि ही एवढीशी, तास-दीड तासात वाचून होणारी गोष्ट मात्र टिकली.

आमच्या धाकटीने ती शाळेच्या लायब्ररीतून आणली आणि एका बैठकीत संपवली. मग तिने दोन प्रश्न विचारले. पहिला, "बाबा, पात्राशला मारायची काय गरज होती?" आणि दुसरा, "आपल्या भीमाला गाडी ओढता येईल का?" भीमा म्हणजे आमचा बर्नीज जातीचा कुत्रा, वजन ४५ किलो, स्वभावाने सदाशिव. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला गॅरेजमध्ये एक उन्हाळा गेला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुस्तक तीन वेळा वाचावे लागले, आणि गाडी बांधून झाल्यावर तिसऱ्यांदा वाचले तेव्हा ते निराळेच वाटले. हा लेख त्या तिसऱ्या वाचनाचा.

आधी गोष्ट थोडक्यात. नेलो हा अनाथ मुलगा आजोबांकडे वाढतो. आजोबांचे नाव येहान दास. (आडनाव दास असले तरी आपल्याकडचे नव्हेत.) म्हातारा लढाईत पाय अधू झालेला शिपाई. अँटवर्पपासून कोसावरच्या खेड्यात एका झोपडीत दोघे राहतात. ज्यांच्याकडे गाई आहेत अशा शेजाऱ्यांचे दूध हातगाडीवर घालून शहरात पोचवायचे, हा धंदा. एका जत्रेच्या आदल्या दिवशी लूव्हाँच्या रस्त्याकडेला त्यांना एक कुत्रा मरायला टेकलेला सापडतो. भांडीकुंडी विकणाऱ्या एका फेरीवाल्याने त्याला गाडीला जुंपून, मारून, उपाशी ठेवून, शेवटी तसाच टाकून दिलेला असतो. आजोबा-नातू त्याला घरी आणतात, बरे करतात. हाच पात्राश. पुढे दुधाची हिरवी गाडी तो ओढू लागतो. नेलोला चित्रे काढायची विलक्षण ओढ. अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये रूबेन्सची दोन महाचित्रे आहेत, ख्रिस्ताला क्रुसावर चढवतानाचे आणि क्रुसावरून उतरवतानाचे. पण त्यांच्यावर पडदा, आणि पैसे मोजल्याशिवाय तो उघडत नाहीत. गावच्या श्रीमंत पिठगिरणीवाल्याची मुलगी अलोइस ही नेलोची मैत्रीण, आणि तेच गिरणीवाल्याला खुपते. गिरणीच्या आवारात आग लागते, संशय नेलोवर येतो, गाव पाठ फिरवते, आजोबा जातात, झोपडी जाते, चित्रांच्या स्पर्धेतले बक्षीस दुसऱ्याला मिळते. नाताळच्या आदल्या रात्री नेलो कॅथेड्रलमध्ये शिरतो, पडदा दूर सारतो, चंद्राच्या उजेडात ती चित्रे पाहतो. पात्राश त्याला शोधत येतो. सकाळी दोघे एकमेकांना बिलगून थंडीने गोठलेले सापडतात.

साने गुरुजींवर वाढलेल्या आपल्या पिढीला असे रडणे नवीन नाही. पण गुरुजींच्या रडण्यात माणसे एकमेकांना ओळखून रडतात. वीडाबाईंच्या गोष्टीत सगळे उशिरा रडतात. नेलो गेल्यावर दुसऱ्या दिवशी गिरणीवाला पश्चात्ताप करतो आणि दुसऱ्याच दिवशी एक मोठा चित्रकार 'या मुलाला मी शिष्य करून घेतो' म्हणत येतो. हा योगायोग मला पहिल्या वाचनातही खटकला होता. आगगाडी दहा मिनिटांनी चुकावी तसे सुख चुकते, आणि वेळापत्रक लेखिकेच्या हातात आहे हे लपत नाही.

आता गाडीकडे येऊ. पुस्तकातला मला सर्वांत खरा वाटणारा प्रसंग शेवटचा नाही, तो सुरुवातीचा आहे. पात्राश बरा होतो, उठून बसतो, आणि म्हातारा गाडी ढकलत रोज शहराकडे जातो हे पाहत राहतो. मग एका सकाळी तो स्वतःच जाऊन गाडीच्या दोन दांड्यांमध्ये उभा राहतो. आजोबांना हे नको असते, कारण कुत्र्याला ओझ्याला जुंपणे हे निसर्गाविरुद्ध आहे असे त्यांचे मत. पात्राश ऐकत नाही. जुंपत नाहीत म्हटल्यावर दातांनी गाडी ओढू पाहतो. शेवटी म्हातारा हार मानतो आणि पात्राशला ओढता येईल अशी गाडी करून घेतो.

गाडी करून घेण्याचा मजकूर पुस्तकात जेमतेम एका वाक्याचा आहे. लेखिकेला घाई होती हे कळते, पण माझ्यासारख्या वाचकाची इथे उपासमार होते. माणसाने ढकलायची हातगाडी आणि कुत्र्याने ओढायची गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हातगाडीत वजनाचा काही भाग माणूस हातांवर पेलतो, आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. तोच भाग कुत्र्याच्या पाठीवर आला तर कणा दुखावतो. म्हणजे चाकांचा आस पुढे-मागे सरकवून भार नेमका आसावर आणावा लागणार, दांड्या खाली घ्याव्या लागणार. येहान दासाने हे सगळे केले असणार. पाय अधू असलेला म्हातारा शिपाई, हातात एक करवत, समोर उतावळा कुत्रा. या प्रसंगाची चार पाने झाली असती तर पुस्तकाला शेवटी एवढे रडवावे लागले नसते.

आम्ही जी गाडी बांधली तिच्यावरून सांगतो. कुत्र्याच्या गाडीला बैलगाडीसारखी मधोमध दांडी आणि तिच्यावर जू असे नसते. तिची रचना टांग्यासारखी, म्हणजे दोन दांड्या आणि मध्ये जनावर. मुलांच्या जुन्या सायकलींची २० इंची दोन चाके, मध्ये लोखंडी आस, वर हलकी लाकडी पेटी. सगळे मिळून वजन १४ किलो. दांड्या कुत्र्याच्या अंगापेक्षा दोन्ही बाजूंनी थोड्या ऐसपैस आणि त्यांची टोके खांद्यापाशी संपलेली, नाहीतर मान वळवता येत नाही. माल भरल्यावर दांड्यांची टोके दोन बोटांनी सहज उचलता आली पाहिजेत, हीच परीक्षा. माल मागे सरकला तर दांड्या वर जातात आणि पोटाखालचा पट्टा काचतो, पुढे आला तर पाठीवर ओझे. मागे भार झाला की गाडी 'उलाळ' झाली असे आपल्याकडे गाडीवान म्हणतात. मी हा शब्द लहानपणी आजोळी ऐकला होता, तो इथे गॅरेजमध्ये उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. धाकटी आता तो शब्द अमेरिकन उच्चारात वापरते.

दुसरी गोष्ट म्हणजे दांड्यांनी गाडी ओढायची नसते. ओढ असते छातीच्या पट्ट्यातून मागे जाणाऱ्या दोन दोरांची. दांड्यांचे काम गाडी वळवणे आणि उतारावर थोपवणे. दोर गाडीला थेट न बांधता मध्यावर फिरणाऱ्या एका आडव्या दांडक्याच्या दोन टोकांना बांधतात, म्हणजे चालताना एक खांदा पुढे, मग दुसरा, असे सुटे हलतात. छातीचा पट्टा श्वासनळीच्या खाली आणि खांद्याच्या सांध्याच्या वर बसला पाहिजे. एवढ्या तीन-चार बोटांच्या जागेत सगळे शास्त्र आहे. पट्टा वर सरकला की कुत्रा घुसमटतो, खाली गेला की पाऊल आखडते. पुस्तकात फेरीवाल्याच्या गाडीच्या वर्णनात गळपट्ट्याचा जाच पुन्हा पुन्हा येतो, आणि तो खराच आहे. गळ्याने ओझे ओढणे म्हणजे हळूहळू फास लावून घेणे.

हिशेब मांडण्याची आमच्या धंद्यात खोड असते, म्हणून तोही मांडतो. गाडी आणि माल मिळून ५० किलो धरा. हवेची रबरी चाके आणि सपाट डांबरी रस्ता असेल तर भीमाला साधारण एक किलोचा जोर लावावा लागतो. म्हणजे तो ओढतोय की फिरतोय हे त्याचे त्यालाही कळत नाही. गवतावर हाच आकडा तीन-चार किलोंवर जातो. दहा फुटांत एक फूट असा चढ लागला की पाच किलोंची भर पडते, आणि तोच उतार असेल तर तेवढ्याच जोराने गाडी त्याच्या ढुंगणावर येते. म्हणून मागून एक पट्टा फिरवावा लागतो, आणि उतारावर आपण स्वतः गाडी धरायची असते. पात्राशच्या वेळी रबरी चाके नव्हती. लोखंडी धाव आणि दगडी फरशीचा रस्ता. तिथे हे आकडे कितीतरी पटीने वाढणार. फ्लँडर्स सपाट आहे हेच त्यातल्या त्यात त्याचे नशीब.

शिकवण्याचे काम गाडीपेक्षा सावकाश. आधी नुसता साज घालून फिरवायचे. मग दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पाइप बांधून, कारण कुशीला काठी लागली की नवखा कुत्रा बिचकतो आणि वळताना आडवी पावले टाकायला त्याला मुद्दाम शिकावे लागते. मग मागे काहीतरी खडखडणारे ओढू द्यायचे, म्हणजे पाठीमागून येणाऱ्या आवाजाची भीती जाते. आम्ही दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये खडे घातले होते. (पात्राशच्या गाडीत पितळी कॅन होते. धाकटीला हे साम्य फार आवडले.) त्यानंतर रिकामी गाडी, आणि सगळ्यांत शेवटी माल. हे सारे कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावर आणि डॉक्टरांनी कंबर व कोपराची हाडे तपासल्यावर. मोठ्या जातींच्या कुत्र्यांची हाडे पक्की व्हायला दीड-दोन वर्षे लागतात. इथल्या बर्नीज आणि न्यूफाउंडलंड जातींच्या क्लबांच्या गाडीच्या परीक्षा असतात, त्यांतही वयाची अट आहे.

हे ठाऊक झाल्यावर पुस्तक पुन्हा उघडले तर एक बारीक तपशील अंगावर आला. फेरीवाल्याने पात्राशला विकत घेतले तेव्हा त्याला तेरावा महिनाही लागलेला नव्हता. आणि वीडाबाई अगदी सुरुवातीला त्याचे वर्णन करतात ते असे: पिवळा रंग, मोठे डोके, लांडग्यासारखे उभे कान, वाकलेले पाय आणि फताडे पंजे. पायांचा हा बाक पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांनी आला असे त्या म्हणतात. पिढ्यांचे माहीत नाही, पण वर्षाच्या आत जुंपलेल्या एका कुत्र्याचे पाय वाकायला तेवढे पुरे आहे. इथे लेखिकेची नजर डॉक्टरची आहे, आणि पुस्तकाची पहिली काही पाने त्या नजरेने लिहिलेली आहेत. तापलेला रस्ता, बारा-बारा तास पाणी नाही, मालक पाइप ओढत रमतगमत बाजूने चाललेला. ही पाने आजही जशीच्या तशी वाचावीत.

माझी तक्रार पुढे सुरू होते. आजोबांकडे आल्यावर पात्राशने गाडी ओढावी की नाही, हा प्रश्न पुस्तकात पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी त्याचा निर्णय कुत्रा घेतो. पहिल्यांदा तो स्वतः दांड्यांत जाऊन उभा राहतो. आजोबा नको म्हणतात तर दातांनी ओढतो. म्हातारपणी त्याचे सांधे आखडतात, नेलो म्हणतो, 'तू आता विश्रांती घे, मी एकटा ढकलीन,' तरी तो ऐकत नाही. वाचताना डोळ्यांत पाणी येते, पण ही लेखिकेने काढलेली पळवाट आहे. कुत्र्यांना ओझ्याला जुंपणे हे पाप आहे असे तिचे ठाम मत आणि कथानायकाचे पोट त्याच पापावर. मग सुटका कशी करायची? तर पाप करण्याची इच्छा कुत्र्याच्याच तोंडी घालायची. एकदा तो राजीखुशीने ओढतो म्हटले की मालकावर डाग नाही.

प्रत्यक्षात कुत्र्याची खुशी हीच सगळ्यांत फसवी गोष्ट आहे. भीमा साज बघितला की नाचतो. उन्हात नाचतो, पंजाला काटा असला तरी नाचतो. काम आवडणारा कुत्रा थांबायचे केव्हा ते ठरवू शकत नाही, म्हणून ते माणसाने ठरवायचे असते. येहान दास जर खरोखर शहाणा म्हातारा असेल, तर पात्राशच्या अखेरच्या हिवाळ्यात त्याने नेलोला खडसावून सांगायला हवे होते. पण तो स्वतः खाटेला खिळलेला, आणि घरात दुसरे मिळवते कोणी नाही. या अडचणीत दोन पाने थांबायची हिंमत वीडाबाईंनी केली असती तर पुस्तक दुःखाचे राहिलेच असते, शिवाय मोठे झाले असते. त्याऐवजी त्यांनी कुत्र्याला संत केले.

याचे मूळ लेखिका कुठून आली यात आहे. इंग्लंडमध्येही एकेकाळी कुत्र्यांच्या गाड्या सर्रास होत्या. १८३९ च्या पोलीस कायद्याने त्या लंडनमध्ये बंद झाल्या, आणि १८५४ च्या कायद्याने उरलेल्या इंग्लंडमध्ये. गंमत म्हणजे १८३९ हेच वीडाबाईंचे जन्मसाल. म्हणजे त्या जाणत्या झाल्या तेव्हा आपल्या देशातून ही चाल गेलेली, आणि समुद्र ओलांडून बेल्जियमला गेल्यावर रस्तोरस्ती तीच. त्यांना ती परक्यांची क्रूर रीत वाटली यात नवल नाही. पुस्तकभर फ्लेमिश माणसे कोत्या मनाची, पैशाला चिकटलेली आणि जनावरांशी निष्ठुर आहेत. चांगले कोण, तर एक म्हातारा, एक मुलगा, एक मुलगी आणि एक कुत्रा. बाकी गाव काळे. शेजारच्या देशात नुकत्याच झालेल्या कायद्याची मात्र बाईंना आठवण होत नाही. परदेशातून आलेल्या पाहुण्याने चार दिवस राहून आपल्या शहरावर लिहिलेले पुस्तक हातात पडले की आपल्याला कसे होते, ते मुंबईकरांना सांगायला नको.

बेल्जियमच्या बाजूने पाहिले तर कुत्रा हा गरिबाचा घोडा होता. ज्याला घोड्याचा चारा परवडत नाही तो दूधवाला, भाजीवाला, पाववाला कुत्रा ठेवी. १९१४ साली जर्मन सैन्य चालून आले तेव्हा बेल्जियन सैनिकांच्या मशीनगन कुत्रेच ओढत होते. त्यांचे फोटो त्या वेळी पुष्कळ छापले गेले. त्यात क्रूरता नव्हती असे मी म्हणत नाही. पण बंदी घातली की प्रश्न सुटतो असेही नाही. महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींवरून २०१४ ची बंदी, २०१७ चा राज्याचा कायदा, २०२१ ची परवानगी आणि २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, हे सारे आपण इथे बसून वाचले आहे. दोन्हीकडच्या बाजू ऐकताना मला बैलाची बाजू कोण मांडतोय ते शेवटपर्यंत कळले नाही. शर्यत आणि ओझे या दोन वेगळ्या गोष्टी हे खरे, पण वाद मात्र त्याच वळणाने जातो.

आता ज्यासाठी मी हे पुस्तक इतरांना वाचा म्हणून सांगतो, ते एक वाक्य. ते मधेच, सहज जाता जाता येते, आणि पहिल्या दोन वाचनांत माझ्या नजरेतून सुटावे इतके साधे आहे. अँटवर्पचा एक व्यापारी खेचराची गाडी घेऊन रोज गावात येऊ लागतो आणि घरोघरचे दूध तिथेच विकत घेतो. तीन-चार घरे तेवढी हिरव्या गाडीला धरून राहतात. पात्राशचे ओझे अगदी हलके होते, आणि नेलोच्या खिशातली नाणीही.

सगळी गोष्ट या खेचरात आहे. आपण वाचक पहिल्या पानापासून कुत्र्याच्या ओझ्यासाठी हळहळत असतो, आणि घात होतो तो ओझे उतरल्यावर. गाडी जड होती तोवर तिघांचे पोट भरत होते. खेचरवाला दुष्ट नाही. त्याला नावसुद्धा नाही. तो दाराशी येतो, रोख पैसे देतो, शेजाऱ्यांची सोय होते. पुढे गिरणीवाल्याच्या भीतीने उरलेली तीन-चार घरेही तुटतात खरी, पण तोवर धंदा बसलेलाच असतो. गिरणीवाला नसता तरी पुढच्या-त्याच्या-पुढच्या हिवाळ्यात हेच झाले असते. आमच्या क्षेत्रातल्या मंडळींना हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. कुणाचे तरी काम खेचराने उचलायचे आणि कुणाची तरी हिरवी गाडी हलकी व्हायची, यात गेल्या पंचवीस वर्षांत आपण दोन्ही बाजूंना उभे राहिलो आहोत.

वीडाबाईंना आपल्या हाती काय लागले आहे हे कळले नाही असे मला वाटते. त्या पुढच्याच पानावर पुन्हा गिरणीवाल्याच्या क्रौर्याकडे वळतात. खलनायक असला की रडणे सोपे जाते. पण एका वाक्यापुरती त्यांनी खरी गोष्ट सांगितली, आणि ते वाक्य दीडशे वर्षे तिथे आहे.

या पुस्तकाची पुढची कहाणीही मजेदार आहे. अमेरिकेत त्यावर मूकपटाच्या काळापासून चित्रपट निघाले. १९५९ सालच्या चित्रपटात पात्राशचे काम स्पाइक नावाच्या कुत्र्याने केले. 'ओल्ड येलर'मध्ये गोळी खाणारा तोच हा. इथे मात्र तो वाचतो आणि नेलोही वाचतो. हॉलीवूडला या गोष्टीचा शेवट सहसा मानवलाच नाही. जपानमध्ये उलट झाले. १९०८ च्या पहिल्या जपानी भाषांतरात नेलोचे नाव 'कियोशी' आणि पात्राशचे 'बुची' केले होते, पण शेवटाला हात लावला नाही. १९७५ साली निप्पॉन ॲनिमेशनने त्याची ५२ भागांची मालिका केली आणि शेवटच्या भागात मुलगा व कुत्रा दोघांनाही देवदूत घेऊन गेले. एवढ्याशा गोष्टीचे ५२ भाग करायचे म्हणजे रोजची दुधाची फेरी सावकाश दाखवावी लागते, आणि तोच त्या मालिकेचा मोठा गुण. वीडाबाईंनी जे एका वाक्यात उरकले त्याला तिथे वेळ मिळतो. पात्राश मात्र पिवळा, उभ्या कानांचा राहिला नाही. पांढरा-तपकिरी, लोंबत्या कानांचा, गुबगुबीत झाला. वाकलेले पाय गेले. ज्या पायांत पुस्तकाची अर्धी तक्रार होती तेच गेले, हे मला खुपले.

जपानी पर्यटक अँटवर्पला येऊन 'नेलोचे गाव कुठे?' असे विचारू लागले तेव्हा तिथल्या लोकांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. मग १९८५ साली होबोकेन या उपनगरात नेलो-पात्राशचा पुतळा उभा राहिला. (न्यू जर्सीचे होबोकेन नव्हे. तिथे बेल्जियमचा पत्ता विचारत फिरू नका.) कॅथेड्रलसमोरच्या चौकात २०१६ पासून एक शिल्प आहे. पांढऱ्या दगडातला मुलगा आणि कुत्रा झोपले आहेत आणि रस्त्याच्या फरशीचीच दुलई त्यांच्या अंगावर ओढलेली आहे. गाडी त्यात नाही. रूबेन्सची चित्रे आत आहेत, आता पडद्याविना, आणि तिकीट मात्र अजून काढावे लागते.

वीडाबाईंचा स्वतःचा शेवट त्यांनी लिहिलेल्या कुठल्याही शेवटासारखाच झाला. पैसा गेला, इटलीत घरे बदलत, कर्जात आणि पाळलेल्या कुत्र्यांच्या गराड्यात त्या राहिल्या आणि १९०८ साली व्हियारेज्जोत वारल्या. बान्यी दि लुक्का इथल्या त्यांच्या थडग्यावर पायाशी एक दगडी कुत्रा आहे. स्वतःचे घर चालत नसताना कुत्र्यांना उपाशी न ठेवणाऱ्या या बाईवर फार रागावता येत नाही.

राहिला धाकटीचा पहिला प्रश्न. मुलांना कोणता शेवट द्यावा यावर आमच्या घरी दोन मते आहेत. बायकोचे म्हणणे, नऊ-दहा वर्षांच्या आत मूळ पुस्तक देऊ नये, आणि ते बरोबर आहे. पण बदललेला सुखी शेवटही देऊ नये असे माझे मत. कारण त्यात नेलोला बक्षीस मिळते आणि खेचराची गाडी कुणाला आठवतही नाही. चित्रकार होऊन एक मुलगा सुटला, म्हणजे गावच्या दुधाचा प्रश्न सुटला असे होत नाही. मूळ शेवट ओढूनताणून आणलेला आहे, तरी तो निदान खोटी आशा दाखवत नाही. मुले दहाच्या पुढची असतील तर पुस्तक मोठ्याने वाचा. त्याच्यावर आता कुणाचा हक्क नाही, त्यामुळे स्वस्त आवृत्त्या पुष्कळ मिळतात. फक्त 'मुलांसाठी संक्षिप्त' लिहिलेली घेऊ नका. मी दोन चाळल्या. दोन्हींत नेलो होता, रूबेन्स होता, बर्फ होते आणि खेचराचे वाक्य तेवढे गाळलेले होते.